यार्देनेच्या काठावरचे दोन तंटे

अभ्यासपाठ
वाचन : यहोशवा २२:९-३४, शास्ते १२:१-६, प्रेषितांची कृत्ये ६:१-७



औराद तालुक्यातील व आसपासच्या मंडळ्यांना भेटी देताना एक उद्गार आमच्या कानी वारंवार पडतो : "राजकारणाचा आता वीट आला!" असे म्हणणारे लोक बेजबाबदार नाहीत. ते नेमाने मतदान करतात, पंचायतीच्या कामात लक्ष घालतात, देशासाठी प्रार्थना करतात. त्यांना वीट आला आहे तो एकमेकांवर धावून जाण्याचा. सभेत शिवीगाळ, दूरदर्शन संचावर आरडाओरडा, हातातील फोनवर भावाभावांत विषारी मजकूर! निवडणूक संपते, निकाल लागतो, पण बोलणे बंद झालेली दोन घरे पुन्हा बोलू लागत नाहीत. मग कित्येक विश्वासणारे म्हणतात की, आपण या भानगडीत पडूच नये. आपले मंदिर बरे आणि आपण बरे.

हा थकवा आम्हांला समजतो. परंतु थकून घरी बसणे हा पवित्र शास्त्राने दाखवलेला मार्ग नव्हे. बाबेलात धरून नेलेल्या लोकांनासुद्धा यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहून कळवले की, ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या हिताची काळजी वाहा (यिर्मया २९:७). तेव्हा प्रश्न असा उरतो की, मतभेद तर राहणारच, मग भांडावे कसे? या प्रश्नाचे उत्तर आपण यार्देन नदीच्या काठी घडलेल्या दोन प्रसंगांतून शोधू.

१. आपण कोठे उभे आहोत?

प्रथम आपली स्वतःची जागा ध्यानात घेऊ. औराद तालुक्याच्या एका अंगाला महाराष्ट्र आहे आणि दुसऱ्या अंगाला तेलंगण. आपल्या घरांत मराठी बोलतात, कचेरीत कन्नड चालते, बाजारात उर्दू आणि तेलुगूही कानी पडते, तांड्यावर लंबाणी बोली आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली तेव्हा बिदर, औराद, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सर्व एकाच बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली. औराद, भालकी, हुमनाबाद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला, आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. काल जे एका जिल्ह्याचे होते त्यांच्यामध्ये राज्याची सीमा उभी राहिली. सोयरीक मात्र तुटली नाही. आजही कोणाची लेक उदगीरला दिलेली आहे, तर कोणाची सून देगलूरची आहे.

सीमेचा हा वाद पुढे वाढत गेला. केंद्र सरकारने ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यायमूर्ती महाजन यांचा आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांचा अहवाल आला. कर्नाटकाने तो मान्य केला, महाराष्ट्राने अमान्य केला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये हा वाद पुन्हा पेटला. बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. त्याच महिन्यात दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांबरोबर बिदर आणि भालकी यांचीही नावे होती.

सीमा कोठे असावी हे ठरवणे या पाठाचा विषय नाही. आपल्या मंडळीत याविषयी दोन्ही मतांची माणसे आहेत, आणि ती तशी असणे यात पाप नाही. आपल्याला पाहावयाचे आहे ते एवढेच की, सीमेवर राहणाऱ्या देवाच्या लोकांनी तंटा कसा हाताळला.

२. पहिला तंटा : वेदी

यहोशवाच्या बाविसाव्या अध्यायात आपण वाचतो की, रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश यांना यार्देनेच्या पूर्वेस वतन मिळाले होते. बाकीच्या वंशांबरोबर लढाईत साथ देऊन ते आपल्या घरी परत निघाले. वाटेत यार्देनेच्या काठी त्यांनी एक वेदी बांधली, तीही लांबून दिसेल अशी भली मोठी. ही बातमी पश्चिमेकडील वंशांना समजली. त्यांनी अर्थ काढला की, हे लोक देवापासून फुटले, त्यांनी वेगळी उपासना मांडली. सगळी मंडळी शिलो येथे जमली आणि युद्धाची तयारी झाली.

येथे एक गोष्ट घडली. तरवारी उपसण्यापूर्वी त्यांनी माणसे पाठवली. एलाजार याजकाचा पुत्र फिनहास आणि प्रत्येक वंशाचा एक, असे दहा सरदार नदी ओलांडून गिलाद देशात गेले.

हा फिनहास कोण, हे विसरू नका. गणना पंचविसाव्या अध्यायात हातात भाला घेऊन पापाचा जागच्या जागी निकाल लावणारा तोच हा पुरुष. गुळमुळीत बोलणारा, कोणालाही दुखवू नये म्हणून गप्प बसणारा असा तो नव्हता. मंडळीने आपल्यातील सर्वांत कडक माणूस पाठवला, आणि तो कडक माणूस ऐकून घेण्यासाठी गेला. यावरून पहिला धडा हा की, ठाम मत आणि सभ्य वागणूक यांचे आपसांत वैर नाही.

फिनहास व सरदार यांनी काय केले? त्यांनी आपला आरोप स्पष्ट शब्दांत, समोरासमोर मांडला. पौर येथे घडलेले पाप आणि आखानाचा अपराध यांची आठवण दिली. एकाच्या पापाचा परिणाम सर्वांना भोगावा लागतो ही आपली भीती सांगितली. आणि त्याबरोबर एक देऊ केले : तुमची भूमी तुम्हांला अशुद्ध वाटत असेल, तर आमच्या बाजूला या आणि आमच्या वतनात वाटा घ्या (वचन १९). बंधूंनो, हे वचन आपण घाईने वाचून पुढे जातो. आरोप करावयास आलेली माणसे स्वतःच्या जमिनीतील हिस्सा देण्यास तयार होती! बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या आपल्या भागाला याची किंमत चांगली कळेल.

मग त्यांनी उत्तर ऐकले. पूर्वेकडच्या वंशांनी देवाला साक्षी ठेवून सांगितले की, ही वेदी होमबलीसाठी नाहीच. आम्हांला एक भीती वाटली. उद्या तुमची मुले आमच्या मुलांना म्हणतील की, मधे यार्देन आहे, तुम्ही पलीकडचे, परमेश्वराशी तुमचा काय संबंध? असे होऊ नये म्हणून ही साक्ष उभी केली (वचने २४ ते २८).

ज्या वेदीत शिलोच्या लोकांना बंड दिसत होते, त्या वेदीत प्रत्यक्षात आपल्या मुलांविषयीची काळजी होती. नदीपलीकडचे म्हणून आपली लेकरे उद्या परकी ठरतील ही ती काळजी. सीमाभागात राहणाऱ्या मराठी आईबापांना ही भीती कोणी समजावून सांगावयास नको. आणि आपल्या कन्नड शेजाऱ्यालाही तशीच एक भीती आहे : आपल्या राज्यात आपलीच भाषा मागे पडेल ही. दोन्ही भीती लेकरांसाठीच आहेत.

फिनहासाला ते उत्तर बरे वाटले. तो परत गेला, लोकांना हकिकत सांगितली, आणि युद्धाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. ती वेदी पाडली गेली नाही. तिला साक्ष असे नाव मिळाले.

३. दुसरा तंटा : एक शब्द

आता शास्ते यांच्या बाराव्या अध्यायाकडे वळू. नदी तीच, गिलाद तोच, लोकही त्याच वंशांचे. एफ्राइमी लोक इफ्ताहाकडे आले ते धमकी घेऊन : लढाईला जाताना आम्हांला का बोलावले नाही? तुझे घर तुझ्यासकट जाळू! इफ्ताहाने उत्तर दिले की, मी बोलावले होते, तुम्हीच आला नाहीत. येथे विचारपूस होऊ शकली असती. पण कोणी केली नाही. त्यात एफ्राइम्यांनी गिलाद्यांना टोमणा मारला की, तुम्ही आमच्यातून पळून गेलेले लोक. टोमण्याने रक्त उसळले.

पुढे गिलाद्यांनी यार्देनेचे उतार अडवले. पळून जाणाऱ्या प्रत्येकाला ते एक शब्द म्हणावयास लावीत : शिब्बोलेथ. या शब्दाचा अर्थ कणीस किंवा पाण्याचा ओघ असा आहे. एफ्राइम्यांना "श" म्हणता येत नसे, ते "सिब्बोलेथ" म्हणत. तेवढ्यावरून त्यांना ठार करीत. त्या वेळी बेचाळीस हजार माणसे पडली.

विचार करा. ज्वारीच्या कणसाला आपण कणीस म्हणतो आणि शेजारी तेने म्हणतो. पीक एकच, भाकरी एकच. शब्दाच्या उच्चारावरून माणूस आपला की परका हे ठरवण्याचे हे काम फार जुने आहे आणि आजही चालू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका बसगाडीत तिकीट देताना भाषेवरून शब्दाला शब्द वाढला, आणि वाहकाला मारहाण झाली. लगेच चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या बसचालकाच्या तोंडाला काळे फासण्यात आले. दोन राज्यांमधील गाड्यांच्या फेऱ्या थांबल्या. अशा वेळी खोळंबतो कोण? बाजाराला जाणारा शेतकरी, दवाखान्यात निघालेली म्हातारी, परीक्षेला निघालेले पोर. यार्देनेचे उतार अडवले गेले की पुढारी अडत नाहीत.

४. फरक कोठे पडला?

दोन्ही तंट्यांत राग होता, दोन्हींत तक्रार खरी होती, दोन्हींत शस्त्रे तयार होती. मग फरक कोणता? आम्हांला तो तीन गोष्टींत दिसतो.

पहिली गोष्ट, विचारणे. शिलोच्या लोकांनी ऐकीव बातमीवर निकाल दिला नाही. नीतिसूत्रकार सांगतो की, पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करीपर्यंत (नीतिसूत्रे १८:१७). हे वचन फोनवर आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी आठवले, तर पुष्कळ अनर्थ टळेल.

दुसरी गोष्ट, दुसऱ्याची भीती ओळखणे. वेदी डोळ्यांना दिसते, भीती दिसत नाही. ती त्या माणसाच्याच तोंडून ऐकावी लागते. जोपर्यंत विरोधकाचे म्हणणे तो स्वतः मान्य करील अशा शब्दांत आपल्याला सांगता येत नाही, तोपर्यंत आपण त्याला उत्तर देत नसून आपल्या मनातील बाहुल्याला उत्तर देत असतो.

तिसरी गोष्ट, काही सोडण्याची तयारी. केवळ गोड बोलणे म्हणजे सभ्यता नव्हे. फिनहासाच्या शब्दांत धार होती, पण हातात जमिनीचा वाटा होता. इफ्ताहाच्या काळी दोन्ही हातांत काहीच नव्हते.

आपल्या देशाच्या इतिहासातही याचे एक थोर उदाहरण आहे. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली तेव्हा मुस्लिम लीगचे सभासद आले नव्हते. पंडित नेहरूंनी ध्येयांचा ठराव मांडला. बॅरिस्टर मु. रा. जयकर यांनी सुचवले की, गैरहजर असलेल्यांना येण्यास सवड मिळावी म्हणून ठरावावरील निर्णय पुढे ढकलावा. सभेला हे रुचले नाही. १७ डिसेंबर रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलावयास उभे राहिले. काँग्रेसशी त्यांचे वैर जगजाहीर होते. त्यांनी जयकरांची बाजू घेतली. आपण आज एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या छावण्यांत वाटलेले आहोत आणि आपणही अशाच एका छावणीचे पुढारी असू, हे त्यांनी लपवले नाही. तरीही देश एक होईल असा विश्वास त्यांनी सांगितला. दुसऱ्यांना भिववणारे शब्द आणि घोषणा बाजूला ठेवा, विरोधकाच्या पूर्वग्रहालासुद्धा थोडी सवलत द्या, म्हणजे तो आपल्याबरोबर चालू लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मतदान पुढे ढकलले गेले, आणि ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला.

लीग मात्र त्या वेळीही सभेत आली नाही, आणि देशाची फाळणी झाली. हेही सांगितले पाहिजे. सभ्यपणे बोलले की प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. परंतु ज्यांनी सभेला थांबावयास सांगितले त्यांचा तो शब्द वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. पुढे आंबेडकर त्याच सभेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

आणि आपल्याच बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण पाहा. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळी तेथील अनुभवमंटपात निरनिराळ्या जातीधंद्यांचे स्त्रीपुरुष एकत्र बसून वाद करीत, प्रश्न विचारीत, असे परंपरा सांगते. चांभार हरळय्या आणि नावाडी अंबिगर चौडय्या यांची नावे त्या शरणांत घेतली जातात. ज्या मातीत नावाडी पंडिताबरोबर बसून बोलत असे, त्या मातीतील लोकांना चर्चा येत नाही असे कोण म्हणेल?

५. एक आक्षेप

कोणी विचारील की, प्रभु येशू स्वतः कठोर बोलला नाही काय? शास्त्री व परूशी यांना त्याने ढोंगी म्हटले. संदेष्ट्यांनी राजांना तोंडावर सुनावले. मग आम्हीच का मऊ बोलावे?

आक्षेप खरा आहे. त्याला उत्तरही खरे दिले पाहिजे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभूचे शब्द जळजळीत आहेत. पण ते शब्द त्याने समोर उभे राहून उच्चारले, पाठीमागे नव्हेत. विधवांची घरे गिळणाऱ्या बलवानांविरुद्ध उच्चारले, दुबळ्यांविरुद्ध नव्हेत. आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस तो यरुशलेमेसाठी कळवळतो. पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला देतो. ज्याच्या कठोर शब्दामागे असा कळवळा असेल त्याने जरूर कठोर बोलावे. आपल्या शिव्यांमागे मात्र बहुधा टाळ्यांची हौस असते. त्याच प्रभूने भावाला मूर्ख म्हणणाऱ्यालाही न्यायाची भीती घातली आहे (मत्तय ५:२२).

सभ्यता म्हणजे हक्क सोडून देणे, असाही अर्थ कोणी काढू नये. १९५६ साली संविधानात कलम ३५० अ घातले गेले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. औरादच्या आईबापांनी मराठी शाळेत शिक्षक मागावा, अर्ज करावा, पुन्हा करावा, शिष्टमंडळ न्यावे. हे मागणे न्याय्य आहे. ते मागताना कन्नड शिक्षकाचा अपमान करण्याची गरज नाही. त्याच्या पोरांनाही शाळा हवीच आहे.

६. आरंभ देवाच्या घरापासून

जगाला शिकवण्यापूर्वी मंडळीने आपले घर पाहावे. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीतच भाषेवरून कुरकुर झाली. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जाई. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना फुटीर ठरवले नाही. सर्वांना एकत्र बोलावले, सात जण निवडावयास सांगितले. त्या सातांची नावे वाचा : सगळी ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार होती त्यांच्या भाषेच्या नावांची माणसे वाटणीवर नेमली गेली. मंडळी फुटली नाही, वाढली.

आमच्या परिचयाच्या एका मंडळीत उपासना मराठीत व्हावी की कन्नडात, यावरून दोन तट पडले होते. वडीलधारे म्हणत की, पोरांना मराठीची लाज वाटते. तरुण म्हणत की, म्हाताऱ्यांना आम्ही नकोच आहोत. पंचमंडळींतील दोघे, एकेका तटाचा एकेक, मिळून घरोघर गेले आणि नुसते विचारीत सुटले. तेव्हा कळले की, पोरे घरी मराठीच बोलतात, पण शाळा कन्नड असल्यामुळे मराठी पुस्तक त्यांना वाचता येत नाही. गीत सुरू झाले की ती मुकी उभी राहतात. आणि म्हाताऱ्यांना कन्नड उपदेश समजत नाही; तीही मुकी बसतात. दोघांचे दुःख एकच निघाले. आता तेथे शास्त्रवाचन दोन्ही भाषांत होते, उपदेशाची भाषा रविवारागणिक बदलते, आणि एक आजीबाई शनिवारी मुलांना मराठी वाचावयास शिकवतात. तक्रारी सगळ्या संपल्या असे नाही. पण माणसे एकाच बाकावर बसतात.

बंधुभगिनींनो, दिल्ली, बंगळूर किंवा मुंबई येथील बोलणे आपल्या हाती नाही. पंचमंडळींची सभा, गावचा पार, घरातील जेवणाची पंगत आणि हातातील फोन या चार जागा आपल्या हाती आहेत. यार्देनेच्या काठी काही माणसे विचारावयास गेली, तर काही धमकी घेऊन गेली. आपल्यालाही रोज कोठे ना कोठे नदी ओलांडावी लागते. काय घेऊन ओलांडायची, हे आपण ठरवावयाचे आहे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. फिनहासासारखा कडक मनुष्य पाठवण्यात शिलोच्या मंडळीचे कोणते शहाणपण दिसते?
२. तुमच्या गावातील एका चालू वादाचा विचार करा. दुसऱ्या बाजूची भीती कोणती आहे? ती तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकली आहे काय?
३. आपल्या भागात आज "शिब्बोलेथ" कोणता शब्द किंवा खूण झाली आहे?
४. वाद मिटावा म्हणून तुमची मंडळी आपल्या "वतनातील" काय देऊ करू शकेल?
५. ज्याच्याशी राजकारणावरून बोलणे बंद झाले आहे अशा एका व्यक्तीकडे या महिन्यात जाण्याचा निश्चय करा. प्रथम काय विचाराल?

प्रार्थना

हे शांतीच्या देवा, आम्ही थकलो आहोत, पण आमच्या थकव्याला तू भ्याडपणा होऊ देऊ नको. आमच्या मुखाला सत्य दे आणि आमच्या कानांना धीर दे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लेकरांना तुझ्या पंखांखाली ठेव. तुझा पुत्र, ज्याने आपल्या देहाने मधली भिंत पाडली, त्या प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.